राज्याला देशातून कायद्याने फुटून निघता येतं का?

शहाद्याहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने तीन प्रश्न एकाच मोळीत बांधून पाठवले आहेत. विधानसभेने ठराव केला, वर जनमतही घेतलं, तर एखादं राज्य कायदेशीररीत्या देशाबाहेर पडू शकतं का? स्कॉटलंडला मतदान करू दिलं, मग आपल्याकडे तशी सोय का नाही? आणि तिसरा प्रश्न, जो त्याला खरा सतावतोय असं दिसतं: आमच्याकडे कुणी वेगळा खान्देश मागतं, कुणी भिलप्रदेश मागतं, हे बोलणं गुन्ह्यात येतं का?

मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करतो आणि लॉ कॉलेजात राज्यघटनेचे तास घेतो. बार रूममध्ये हा विषय निघाला की अर्ध्या तासात देश फुटणं आणि जिल्हा फुटणं यांची सरमिसळ होते, आणि पुढचा सगळा वाद त्या सरमिसळीवर चालतो. म्हणून आधी थेट उत्तर देतो. भारतातल्या कुठल्याही राज्याला देशाबाहेर पडण्याचा हक्क नाही. ठराव एकमताने केला तरी नाही, जनमत शंभर टक्के आलं तरी नाही. जगातही एकतर्फी बाहेर पडायची वाट जवळपास कुठेच नाही; जिथे कुणी कायद्याने बाहेर पडलं, तिथे मागे राहणाऱ्यांनी हो म्हटलेलं होतं. देशात राहून वेगळं राज्य मागणं मात्र पूर्ण कायदेशीर आहे.

सुरुवात अनुच्छेद १ पासून करू. तो म्हणतो, इंडिया म्हणजेच भारत हा राज्यांचा संघ असेल. मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत या शब्दरचनेचं कारण सांगितलं. आपला संघ राज्यांनी आपसात करार करून तयार झालेला नाही, आणि करारातून आलेला नसल्यामुळे कुठल्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. अमेरिकेला हा मुद्दा पक्का करायला यादवी युद्ध लढावं लागलं. पुढच्यांना वाद घालायला जागा राहू नये म्हणून आपण तो सुरुवातीलाच लिहून ठेवतो आहोत, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे आपल्या घटनेत याबद्दल मौन आहे आणि मौनातून काहीतरी काढता येईल, असं म्हणायला वाव नाही. घटनाकारांनी विचार करून दार बांधलंच नाही.

माझ्या पक्षकारांना हे समजावताना मी त्यांच्याच घरातलं उदाहरण देतो. एकत्र हिंदू कुटुंबात एका सहदायादाने, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क असलेल्याने, ‘मला वेगळं व्हायचंय’ असं बाकीच्यांना स्पष्ट कळवलं की कायद्याच्या नजरेत तो त्या क्षणी विभक्त होतो. बाकीच्यांची संमती लागत नाही, राहते ती फक्त हिश्शाची मोजणी. राज्याला असली नोटीस देण्याची सोय नाही. देशाच्या जमिनीत महाराष्ट्राचा हिस्सा, बिहारचा हिस्सा अशी नोंदच कुठे नाही.

आता विधानसभेच्या ठरावाचं बघू. सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्या विषयांच्या याद्या आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या यादीत आहे. ‘आम्ही बाहेर पडतो’ हा विषय राज्याच्या यादीत तर नाहीच, शिवाय ज्या आमदाराने तो ठराव मांडायचा त्याने आधी शपथ घेतलेली असते. तिसऱ्या अनुसूचीतल्या त्या शपथेत ‘भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन’ हे शब्द आहेत, आणि ते मूळ घटनेत नव्हते. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने ते घातले. त्या वेळी मद्रासकडे द्रमुकची द्रविड नाडू या वेगळ्या देशाची मागणी जोरात होती आणि १९६२ मध्ये अण्णादुराईंनी ती राज्यसभेतही मांडली होती. या दुरुस्तीने उमेदवारी अर्ज भरतानाच एकात्मतेची शपथ सक्तीची केली, आणि भाषण, सभा व संघटना या स्वातंत्र्यांवर सार्वभौमता व एकात्मतेसाठी निर्बंध घालता येतील असंही लिहिलं. द्रमुकने ती मागणी सोडली, चारच वर्षांनी निवडणूक जिंकून राज्याची सत्ता घेतली आणि आजही तो पक्ष राजकारणात आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग आहे, आणि परीक्षेच्या पुस्तकांत त्याला एक ओळ मिळते.

आता अनुच्छेद ३. इथे उलटा प्रकार आहे. राज्याला देश सोडता येत नाही, पण देशाला राज्य मोडता येतं. संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते, दोन जोडू शकते, सीमा हलवू शकते, नाव बदलू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, संबंधित विधानसभेचं मत मागवलं जातं, ठरलेल्या मुदतीत ते आलं तर ठीक, नाही आलं तरी गाडं पुढे जातं. ते मत संसदेवर बंधनकारक नाही. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडता येत नाही, आपल्याकडे येतो.

यावरचा मोठा निवाडा आपल्याच राज्याचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. मुंबई विधानसभेचं मत त्याच्यावर घेतलं गेलं. मग संसदेने बेत बदलला आणि एकच द्विभाषिक मुंबई राज्य केलं. ‘बदललेल्या योजनेवर आमचं मत पुन्हा विचारलंच नाही’ म्हणून बाबूलाल पराते कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ प्रस्ताव एकदा विचारला की पुरे, प्रत्येक दुरुस्तीसाठी परत विचारायची गरज नाही. ज्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्राचं एवढं आंदोलन पेटलं, ते द्विभाषिक राज्य कायद्याच्या कसोटीवर मात्र उभं राहिलं.

आणि १९६० मध्ये तेच राज्य पुन्हा त्याच अनुच्छेदाखाली मोडलं. मुंबई पुनर्रचना अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत गावांची यादी आहे. त्यात आपल्या त्या वेळच्या पश्चिम खान्देश जिल्ह्यातली नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांची बरीच गावं आहेत. १ मे १९६० ला ती महाराष्ट्राऐवजी गुजरातेत गेली. घरं, शेतं, देव, सोयरीक सगळं होतं तिथेच राहिलं; बदललं ते तहसील, शाळेचं माध्यम आणि पोलीस ठाणं. नवापूरच्या स्टेशनावर उतरलात तर हे पायाखाली दिसतं. राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते आणि गाडीचे काही डबे एका राज्यात तर काही दुसऱ्या राज्यात उभे राहतात. बाकड्यावर मधोमध रेघ आहे, अर्धं बाकडं महाराष्ट्राचं, अर्धं गुजरातचं. लोक फोटो काढतात. मी वर्गात विचारतो, या बाकड्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकलं तर काय बदलतं? दारूबंदीचा कायदा बदलतो, असं उत्तर हमखास येतं आणि ते बरोबर आहे. पण नागरिकत्व बदलत नाही, पासपोर्ट लागत नाही. देशांतर्गत सीमा आणि देशाची सीमा यांतला फरक त्याहून सोपा करून सांगता येत नाही.

गावाचं मत? अनुच्छेद ३ मध्ये गावाला विचारायची तरतूदच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी ‘रस्ता, पाणी, दवाखाना देत नसाल तर आम्हाला गुजरातेत घाला’ म्हटलं, तेव्हा काहींनी त्यांना थेट देशद्रोही ठरवलं. तसं म्हणणाऱ्यांना अनुच्छेद ३ वाचायला द्यावा. ते गाऱ्हाणं होतं, मागणी होती, आणि तिच्यात बेकायदा एक अक्षर नव्हतं.

आता एक पायरी वर. देशाची जमीन दुसऱ्या देशाला देता येते का? नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्या १९५८ च्या करारात पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचं ठरलं. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं की अनुच्छेद ३ फक्त देशाच्या आतल्या फेररचनेसाठी आहे. देशाची भूमी परक्याला द्यायची तर घटनादुरुस्तीच करावी लागेल. म्हणून नववी घटनादुरुस्ती आली. पुढे २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती करून बांगलादेशाशी वेढ्यातल्या, म्हणजे चारही बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या, गावांची अदलाबदल झाली: भारताची १११ त्यांच्याकडे, त्यांची ५१ आपल्याकडे. त्या लोकांना कुठलं नागरिकत्व हवं हे निवडण्याची मुभा दिली गेली. म्हणजे भूभाग कायद्याने देशाबाहेर गेल्याची उदाहरणं भारतात आहेत, पण ती संसदेने घटना दुरुस्त करून दिलेली आहेत. त्या भूभागाने स्वतःहून घेतलेला निर्णय एकही नाही.

मग चलाख विद्यार्थी विचारतो, घटनादुरुस्तीने अख्खं राज्य सोडता येईल का? कागदावर बेरुबारीचा तर्क तिथपर्यंत ताणता येतो. पण १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, आणि त्या निकालातल्या शेलत व ग्रोवर या न्यायमूर्तींनी चौकटीच्या घटकांत राष्ट्राची एकता आणि एकात्मता मोजली आहे. चार-दोन गावांचा सीमावाद मिटवणं वेगळं आणि अख्खं राज्य वगळणं वेगळं. माझं मत विचाराल तर अशी दुरुस्ती आली तरी ती न्यायालयात टिकणं फार अवघड आहे. मात्र हे माझं मत आहे, निकाल नाही; उत्तरपत्रिकेत तसंच लिहा.

संस्थानांचा मुद्दाही दरवेळी येतो. ‘ब्रिटिश इंडियाचं ठीक आहे, पण संस्थानिक तर सामीलनाम्यावर सही करून आले, सही करून आले ते सही मागे घेऊन जाऊ शकतात’ असं. एकतर सामीलनाम्यांमागून विलीनीकरण झालं आणि संस्थान ही वस्तूच उरली नाही. दुसरं, अशा करारांवरून उठणारे वाद अनुच्छेद ३६३ ने कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. आणि ज्या काश्मीरचं नाव घेऊन हा युक्तिवाद होतो, तिथल्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतच ते राज्य भारताचा अविभाज्य भाग आहे आणि राहील असं लिहिलं होतं. डिसेंबर २०२३ च्या अनुच्छेद ३७० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामील झाल्यानंतर त्या राज्याकडे वेगळं सार्वभौमत्व उरलं नव्हतं. त्या निकालाच्या बाकी भागांवर दुमत असेल, या मुद्द्यावर फारसं नाही.

आता परदेश. अमेरिकेचा मूळ निकाल १८६९ चा, टेक्सास विरुद्ध व्हाइट. गंमत म्हणजे वाद सरकारी रोख्यांचा होता: यादवीच्या काळात टेक्सासच्या बंडखोर सरकारने विकलेले रोखे कुणाचे? ते ठरवायला आधी टेक्सास अमेरिकेतून कधी बाहेर पडलं होतं का, हे ठरवावं लागलं. न्यायालय म्हणालं, पडलंच नव्हतं. फुटून निघण्याचा ठराव पहिल्या दिवसापासून शून्य. पुढे त्याच निकालात एक बारीक फट ठेवली आहे: क्रांती किंवा बाकी राज्यांची संमती, एवढाच काय तो अपवाद. क्रांती म्हणजे कायदा संपल्यावरची गोष्ट. राहिली संमती.

कॅनडाने याची सर्वांत शहाणी मांडणी केली. क्वेबेक या प्रांताने देशाबाहेर पडावं का, यावरच्या १९९५ च्या जनमतात ‘नाही’ला ५०.५८ टक्के मतं होती, म्हणजे देश केसावर वाचला. १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की क्वेबेकला एकतर्फी फुटण्याचा हक्क ना कॅनडाच्या घटनेत आहे ना आंतरराष्ट्रीय कायद्यात. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकी देशाला वाटाघाटीला बसावं लागेल, कान बंद करता येणार नाहीत.

स्कॉटलंडचं म्हणाल तर २०१४ चं मतदान लंडनच्या संमतीने झालं, २०१२ च्या एडिंबरा करारानुसार. ५५ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. पुन्हा स्वतःच्या जोरावर घ्यायला निघाले तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की स्कॉटिश संसदेला तो अधिकार नाही. म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की स्कॉटलंडलाही तो हक्क नव्हता. त्याला एकदा परवानगी मिळाली. स्पेनमधल्या कॅटालोनियाला ती मिळाली नाही, त्यांनी २०१७ मध्ये तरीही मतदान घेतलं. माद्रिदने त्यांचं सरकार बरखास्त केलं आणि २०१९ मध्ये नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, ज्या पुढे माफ केल्या गेल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किस्सा कमी लोकांना माहीत आहे. १९३३ मध्ये तिथल्या दोन तृतीयांश मतदारांनी बाहेर पडायला कौल दिला, अर्ज घेऊन शिष्टमंडळ लंडनला गेलं, आणि १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मागितल्याशिवाय हा अर्ज आम्हाला दाखलच करून घेता येत नाही. विषय तिथेच मिटला.

लेखी हक्क दिलेले देशही आहेत. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेचा अनुच्छेद ३९ आणि सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेतला अनुच्छेद ७२ ही नेहमीची उदाहरणं. सोव्हिएत हक्क वापरायची वेळ आली तशी १९९० मध्ये त्यावर दोन तृतीयांश मतं आणि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ अशा अटी आल्या. संघच त्याआधी विरघळला. सेंट किट्स आणि नेव्हिस या देशातल्या नेव्हिस या इवल्याशा बेटावर १९९८ मध्ये सुमारे ६२ टक्के लोकांनी वेगळं व्हायला मत दिलं, पण घटनेत दोन तृतीयांशाची अट होती, म्हणून ते आजही एकत्र आहेत. हक्क लिहिलेला असला तरी उंबरा उंच असतो.

संमतीने वेगळे झालेल्यांत दक्षिण सुदान २०११ मध्ये, चेक आणि स्लोव्हाक १९९३ मध्ये. सिंगापूर तर १९६५ मध्ये मलेशियाने घटना दुरुस्त करून बाहेरच काढलं.

मग बांगलादेश? कोसोवो? इथे कायदा आणि सत्ता यांची फारकत होते. सर्बियातून फुटलेल्या कोसोवोबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये एवढंच सांगितलं की स्वातंत्र्याची घोषणा करणं आंतरराष्ट्रीय कायद्याने निषिद्ध नाही. फुटण्याचा हक्क आहे, असं ते म्हणालं नाही. लोक तसं वाचतात. आंतरराष्ट्रीय कायदा बहुधा निकाल लागल्यावर येतो: कुणाच्या हातात भूमी राहिली, कुणी मान्यता दिली, हे बघतो. खान्देशाला हे नवं नाही. थाळनेरला बसलेल्या मलिक राजा फारुकीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीच्या तुघलकांना जुमानणं सोडलं आणि त्याचं घराणं बुऱ्हाणपुरातून दोनशे वर्षं स्वतंत्र राहिलं. कुठल्या कायद्याने? कुठल्याच नाही. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला तोही कुठल्या कायद्याने नव्हे. ‘कायदेशीररीत्या’ हा शब्द प्रश्नात असेल तर असली उदाहरणं बाजूला ठेवावी लागतात.

आता तिसरा प्रश्न, गुन्ह्याचा. इथे शब्द जपून वाच. १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, भूभाग वेगळा करण्याच्या हालचालीला बेकायदेशीर कृत्य मानतो, आणि तोंडी किंवा लेखी शब्दही त्यात येतात. त्याची व्याख्या एवढी रुंद आहे की एखादा प्रदेश भारतात राहील की नाही हे ठरवण्याचा हक्क सांगणं हेही फुटण्यातच मोजलं जातं. म्हणजे ‘आमच्यापुरतं जनमत घ्या, देशात राहायचं की नाही ते आम्ही ठरवू’ ही मागणीसुद्धा त्या व्याख्येत बसू शकते. कलम १३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये फुटीरतेला चिथावणी देण्यासाठी जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूला, १९९५ च्या बलवंतसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने चंदिगडच्या रस्त्यावर दोनचार फुटीर घोषणा दिलेल्या दोघांना सोडलं होतं. घोषणेतून कुठलीही गडबड झाली नाही, लोकांनी लक्षही दिलं नाही, हे बघितलं गेलं. तो निकाल जुन्या राजद्रोहाच्या कलमाखालचा आहे. त्याच्या भरवशावर मोबाइलवर काहीही पुढे ढकलणाऱ्या पोरांना मी सांगतो की निर्दोष सुटायच्या आधी जामीन मिळावा लागतो, आणि यूएपीएची इतर कलमं सोबत लागली की तो सहज मिळत नाही.

‘आमनं राज्य आमले द्या’ म्हणणं यातल्या कशातच येत नाही. भिलप्रदेशाच्या मागणीत राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि आपला नंदुरबारचा पट्टा येतो, चार राज्यांच्या सीमा हलतात, तरीही ती अनुच्छेद ३ मधली मागणी आहे. वेगळ्या खान्देशाचंही तेच. मला स्वतःला ही मागणी आज फारशी जमेची वाटत नाही. तापीचं पाणी आणि अनुशेष यांवर आधी भांडावं. विदर्भ आणि मराठवाड्याचं नाव घटनेच्या अनुच्छेद ३७१ मध्ये स्वतंत्र आलं, आपण तिथे ‘उर्वरित महाराष्ट्रा’त पडलो. पण मागणी पटत नाही म्हणून ती बेकायदा होत नाही.

ज्यांना ती करायचीच आहे त्यांनी निवेदन कुणाला द्यायचं ते तरी नीट ठरवावं. उत्तर प्रदेश विधानसभेने नोव्हेंबर २०११ मध्ये राज्याचे चार भाग करण्याचा ठराव केला, पुढे काही झालं नाही. आंध्र विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगणा झालं. निर्णय दिल्लीत होतो. माझ्याकडे असल्या निवेदनाचा मसुदा आला की मी पहिल्या परिच्छेदात ‘भारतीय संघराज्यात राहून, संविधानाच्या अनुच्छेद ३ अन्वये’ हे शब्द घालतो, ‘स्वतंत्र’ खोडून ‘वेगळं राज्य’ लिहितो, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राष्ट्रपतींना आणि एक आपल्या खासदाराला पाठवायला सांगतो.